रकान्यात निकाल, टिपणात साक्ष

संशोधनाला लागलेल्या प्रत्येकाला आजकाल कुणीतरी सांगतंच, ‘झोटेरो टाकून घे.’ कोर्सवर्कमध्ये त्यावर एखादा तास होतो, संदर्भसूची एका क्लिकवर कशी बनते ते दाखवतात आणि वर्ग खूश होऊन घरी जातो. पण नोंद उघडली की उजव्या बाजूला जी रकान्यांची रांग दिसते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शीर्षक, लेखक, साल, प्रकाशनस्थळ, भाषा, तळाशी ‘एक्स्ट्रा’ नावाचा एक रकाना, आणि या सगळ्यांपासून वेगळं ‘नोट्स’. यातलं काय कुठे लिहायचं? प्रश्न कारकुनी वाटतो. तुमच्या प्रबंधातल्या निदान एका प्रकरणाचा खरेखोटेपणा मात्र त्यावर ठरू शकतो, म्हणून आजची पोस्ट त्यावरच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. झोटेरो चांगलं सॉफ्टवेअर आहे. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात, इतिहासाच्या अभ्यासकांच्याच केंद्रात ते जन्मलं. फुकट आहे. नोंदी आणि टिपणं सिंक करायला पैसे पडत नाहीत. ३०० एमबीची फुकट मर्यादा आहे ती जोडलेल्या फायलींना. ज्याची फेलोशिप अजून मंजूर व्हायची आहे त्याला याहून चांगलं काही मिळणार नाही. तेव्हा ही टीका ‘वापरू नका’ अशी नाही. ते ज्या सवयी लावतं त्यांच्याबद्दल आहे.

रकाना म्हणजे एक प्रश्न असतो. ‘साल कोणतं?’ ‘लेखकाचं आडनाव काय?’ हे प्रश्न कुणीतरी आधी ठरवलेले असतात, आणि ज्या पुस्तकांकडे बघून ठरवले ती पुस्तकं बहुतेक वेळा आपली नसतात. इंग्रजी जर्नलमधला लेख घेतला तर सगळे रकाने टपाटप भरतात. वाशीम जिल्ह्यावर काम करायला बसलात की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक रकाना अडतो. मी मुद्दाम वाशीमचीच उदाहरणं घेतो आहे. तुमचा विषय नंदुरबारचा असो की सावंतवाडीचा, प्रकार तोच निघेल.

ठिकाणापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

झोटेरोतला ‘प्लेस’ हा रकाना पुस्तक कुठे छापलं ते विचारतो. पुस्तक कोणत्या गावाबद्दल आहे, यासाठी रकानाच नाही. मग मुलं काय करतात, टॅग लावतात: ‘वाशीम जिल्हा’. दिसायला नीटनेटकं. आता बघा त्या एका टॅगखाली काय काय येऊन बसतं. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात सहा तालुके आहेत: वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. पण इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात ‘बासीम’ नावाचा जिल्हा होताच. १९०५ साली वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांचे चार केले, तेव्हा तो मोडला. १९०८ च्या इम्पिरिअल गॅझेटिअरमध्ये त्याची नोंद आहे, ती मोडलेला जिल्हा म्हणूनच.

म्हणजे तोच जिल्हा आधी होता, मध्ये गेला, पुन्हा आला? नाही, आणि इथेच टॅग फसवतो. जुन्या बासीम जिल्ह्यात बासीम, मंगरूळ आणि पुसद असे तीन तालुके होते. पुसद आज यवतमाळ जिल्ह्यात आहे. उलट आज वाशीम जिल्ह्यात असलेलं कारंजा त्या गॅझेटिअरमध्ये मूर्तिजापूर तालुक्याखाली सापडतं. म्हणजे १९०१ च्या खानेसुमारीतला बासीम आणि २००१ च्या जनगणनेतला वाशीम हे दोन वेगवेगळे भूभाग आहेत. नावं जवळपास सारखी, मध्यवर्ती गाव तेच, क्षेत्र मात्र वेगळं. ‘शंभर वर्षांतली लोकसंख्यावाढ’ असा तक्ता या दोन आकड्यांवर उभा केला की तो सुबक दिसेल आणि साफ खोटा असेल.

मधल्या काळाचं आणखी वेगळं. १९९१ पर्यंतच्या जनगणनांमध्ये ही गावं अकोला जिल्ह्यात आहेत. अकोल्याची लोकसंख्या १९९१ ला साधारण २२ लाख होती आणि २००१ ला साधारण १६ लाख झाली. हे आकडे नुसते शेजारी शेजारी ठेवले तर वाटेल अकोल्याला काहीतरी भयंकर घडलं. घडलं एवढंच की जिल्हा फुटला. हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही इथले आहात. तुमच्या फाइलीला माहीत नाही. तुमच्यानंतर ती फाइल वापरणाऱ्या पुण्याच्या किंवा दिल्लीच्या माणसालाही माहीत नाही.

आणखी मागे गेलात तर नावच बदलत जातं. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातलं बासिम सरकार आहे. संस्कृतात वत्सगुल्म. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लावलं आहे. प्राकृतात त्याच नावावरून ‘वच्छोमी’ हा शब्द येतो, वैदर्भी रीतीसाठी. साहित्यशास्त्राचा विद्यार्थी ‘वच्छोमी’ शोधेल, महसुलाचा अभ्यासक ‘बासीम’, आणि दोघांच्याही लायब्ररीत ‘वाशीम’ असा टॅग असेलच असं नाही.

मग करायचं काय? टॅगमध्ये किंवा तुमच्या एक्सेलच्या रकान्यात तुमचा निर्णय लिहा: आजच्या हिशेबानं हे कुठलं क्षेत्र. आणि स्रोतात जो शब्द आहे तो, त्याच्या वर्षासकट, टिपणात जसाच्या तसा उतरवा. ‘स्रोतात: बासीम जिल्हा, तीन तालुके, पुसद धरून. मी धरलं: आजच्या वाशीमशी थेट तुलना नाही.’ दोन ओळी पुरतात. रकान्यात निकाल लागतो, साक्ष टिपणात राहते. उद्या निकाल बदलावासा वाटला, तर साक्ष जागेवर असायला हवी.

हे न्यायालयातलं रूपक मला आवडतं, पण त्याला फार ताणत नाही. त्याच वाशीमच्या इतिहासातलं खरं उदाहरण आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजांची वंशावळ देणारा शिलालेख आहे. तो झिजलेला आहे, आणि त्यातलं सर्वसेन हे नाव सुरुवातीच्या अभ्यासकांकडून चुकीचं वाचलं गेलं होतं. पुढे वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला, त्यात सर्वसेनाचं नाव स्पष्ट होतं. मग अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला गेला आणि वत्सगुल्मची शाखा ही वेगळी शाखा म्हणून इतिहासात उभी राहिली. वासुदेव विष्णु मिराशींनी हे काम ज्या चिकाटीनं केलं ते मुळातून वाचा. मुद्दा असा की पुन्हा वाचता आलं, कारण लेख आणि त्याचे ठसे शिल्लक होते. जुन्या अभ्यासकांनी फक्त स्वतःचं वाचन ठेवलं असतं आणि ठसे फेकून दिले असते, तर चूक कायमची झाली असती. आपण रकाना भरून टिपण कोरं सोडतो तेव्हा ठसे फेकत असतो.

आता साल. इथे सॉफ्टवेअरचा दोष जास्त आहे.

जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा फक्त शक असतो. समजा, शके १८४८. तुम्ही प्रामाणिकपणे झोटेरोच्या तारखेच्या रकान्यात ‘शके’ लिहून पुढे इंग्रजी आकड्यांत १८४८ टाकलं, तर ते ‘शके’कडे दुर्लक्ष करतं आणि १८४८ हेच इसवी साल धरतं. रकान्याच्या टोकाला बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात, वर्ष-महिना-दिवस यातलं काय ओळखलं ते सांगणारी. तिथे वर्ष ओळखल्याची खूण येते, म्हणजे वरून शाबासकीसुद्धा! पुस्तक खरं १९२६-२७ चं. यादी सालवार लावलीत की ते ७८ वर्षं मागे, जोतीराव फुल्यांनी मुलींची पहिली शाळा काढली त्या वर्षी जाऊन बसतं. म्हणून रकान्यात १९२६ लिहा, आणि ‘मुखपृष्ठावर शके १८४८, महिना दिलेला नाही, म्हणून १९२६ किंवा १९२७’ हे टिपणात.

शकाचं निदान सोपं आहे, ७८ मिळवा. फसलीचं तसं नाही. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाच्या कारभारात होतं, त्यामुळे महसुली कागदात फसली सन भेटणारच. दक्षिणी फसलीत साधारण ५९० मिळवायचे, उत्तरेकडच्या फसलीत ५९२. फसली १२६० म्हणजे दख्खनच्या हिशेबानं १८५०-५१, उत्तरेच्या हिशेबानं १८५२-५३. एखाद्या इंग्रजी पुस्तकानं रूपांतर करून दिलं असेल तर त्यानं कोणता हिशेब लावला ते बघा. दोन वर्षांचा फरक तुम्हाला किरकोळ वाटेल. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं हे लक्षात घेतलं, तर तो कागद कोणाच्या राजवटीतला हे त्या दोन वर्षांवर ठरू शकतं.

आणि तो वाशीमचा ताम्रपट? त्यावर शक नाही, फसली नाही, कुठलंच सन नाही. राजाच्या कारकिर्दीचं ३७ वं वर्ष आहे. अभ्यासक त्याला चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात, पण तो अंदाज आहे, आणि रकान्याला अंदाज आवडत नाही. त्याला आकडा पाहिजे. तिथे आकडा लिहिलात की वाचणाऱ्याला वाटतं ताम्रपटावरच तो आकडा कोरलेला आहे.

हे फक्त पोथ्या-ताम्रपटवाल्यांसाठी आहे असं समजू नका. मुलाखती घेणाऱ्यांना हाच प्रश्न रोज येतो. मानोरा तालुक्यात, पोहरादेवीकडच्या एखाद्या तांड्यात तुम्ही म्हाताऱ्या बाईला विचारता, ‘आजी, तुम्ही ऊसतोडीला पहिल्यांदा कधी गेलात?’ ती म्हणते, ‘बहात्तरच्या दुष्काळात.’ तुम्ही फॉर्मात लिहिता १९७२. पण ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे महाराष्ट्रात एका सालाचं नाव नाही. १९७० ते ७३ असा पसरलेला तो काळ आहे, आणि लोक त्याला ‘बहात्तर’ म्हणतात. तिनं काळ सांगितला, तुम्ही साल लिहिलं. शिवाय तिनं तो काळ कशावरून लक्षात ठेवला हेही गेलं, आणि स्मृतीवर काम करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. रकान्यात ‘१९७०–७३’ आणि टिपणात तिचं वाक्य, तिच्या बोलीत. ‘माहिती देणारी म्हणाली की’ असं प्रमाण मराठीत धुऊन घेतलेलं नको.

नावांबद्दल थोडक्यात. झोटेरो नावाचे दोन तुकडे मागतं, पहिलं नाव आणि आडनाव. आपली तीन तुकड्यांची पद्धत त्यात कशीबशी बसवता येते. पण ‘मिराशी’ देवनागरीत आणि तेच नाव रोमनमध्ये असलं तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन लेखक आहेत, आणि तुमच्या सूचीत एकाच माणसाची पुस्तकं दोन टोकांना जातात. याहून मजेशीर प्रकरण हिरालाल यांचं. कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांतल्या हस्तलिखितांवर काम करायचं तर १९२६ साली नागपूरला छापलेली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची उघडावीच लागते. तिचे कर्ते रायबहादूर हिरालाल. ‘रायबहादूर’ ही पदवी, आडनाव नव्हेच. रकान्यात घातलं की आद्याक्षरांच्या शैलीत त्याचं ‘हिरालाल, आर. बी.’ होतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं बी. म्हणजे वडिलांचं नाव. रसेलबरोबर ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स’ (१९१६) लिहिणारे ते हेच. पण पुढच्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेत अपभ्रंश ग्रंथ संपादित करणारे हिरालाल जैन हे वेगळे, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक. दोघांचाही संबंध कारंज्याच्या पोथ्यांशी, काळ लागोपाठचा. हे दोघे एकच समजणारे संदर्भ तुम्हाला आढळले तर आश्चर्य वाटायला नको. झोटेरोत नावाच्या शेजारी दोन रकान्यांचा एक करायची सोय आहे, ती अशा नावांना वापरा. आणि ‘हे दुसरे हिरालाल नव्हेत’ असं टिपण दोन्ही नोंदींना चिकटवा.

आकड्यांचं तर विचारूच नका. शेतीवर सर्वेक्षण करणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं. तुमच्या एक्सेलमध्ये ‘क्षेत्र’ या रकान्यात १.२० लिहिलेलं आहे. सातबाऱ्यावरून घेतलं असेल तर ते १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. शेतकऱ्यानं तोंडी सांगितलेलं ‘एक एकर वीस गुंठे’ कुणी तसं लिहिलं असेल तर दीड एकर. आणि कुणी एकरातच दशांश लिहिला असेल तर सव्वा एकराच्याही आत. एकाच आकड्याचे तीन अर्थ, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. वर एक्सेल शेवटचं शून्य उडवून १.२ करून टाकतं, म्हणजे गुंठ्यांचा संशय यायला जी खूण होती तीही गेली. सोयाबीनचा एकरी उतारा यावर काढणार तुम्ही! इथे टिपणात फक्त एक ओळ लागते: ‘शेतकऱ्याचे शब्द: दीड एकर. उताऱ्यावर ०.६१. मी ०.६१ हेक्टर धरलं.’

एवढं वाचून काही जण म्हणतील, मग सगळं टिपणातच लिहू, रकाने हवेत कशाला? हा दुसरा रोग, आणि तो बुद्धिमान मुलांना जास्त होतो. टिपणाचा रकाना कुणालाही नाही म्हणत नाही. त्यात पुस्तकातला उतारा, स्वतःचा विचार, गाईडची सूचना, ग्रंथपालाचा वार, झेरॉक्सचा हिशोब, सगळं मावतं. आणि मावतं म्हणूनच हरवतं. झोटेरोच्या शोधपेटीत ‘शीर्षक, लेखक, साल’ हा पर्याय निवडलेला असेल तर टिपणांमध्ये शोध घेतलाच जात नाही. ‘सर्व रकाने व टॅग’ किंवा ‘सर्व काही’ निवडावं लागतं. पुष्कळ जण वर्षभर तो पर्याय बदलत नाहीत आणि ‘टिपण केलं होतं, कुठे गेलं कुणास ठाऊक’ म्हणत फिरतात.

पर्याय बदलला तरी मराठीची अडचण राहतेच. सरकारी कागदांत ‘वाशिम’ ऱ्हस्व, पुष्कळ पुस्तकांत ‘वाशीम’ दीर्घ. सॉफ्टवेअरला हे दोन वेगळे शब्द. ‘वऱ्हाड’चं आणखी छुपं आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला नाही. म्हणजे लॅपटॉपवर लिहिलेलं ‘वऱ्हाड’ मोबाइलवरून शोधलं तर कधी सापडतं, कधी नाही, आणि तुम्ही स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसता. उपाय गावठी आहे पण चालतो. प्रत्येक टिपणाच्या पहिल्या ओळीत एक ठरलेला सांकेतिक शब्द लिहा, एकाच स्पेलिंगचा. मी ठिकाणासाठी रोमन अक्षरांतला छोटा कोड वापरतो. दिसायला वाईट दिसतो, पण सापडतो.

जुन्या पीडीएफची गंमत माहीतच असेल. श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला मराठी मजकूर ठळक करून तुम्ही झोटेरोला ‘या खुणांचं टिपण बनव’ म्हणालात, तर टिपणात रोमन अक्षरांची खिचडी येते. स्कॅन केलेल्या पानावर तर खाली मजकूरच नसतो, तिथे खूण करता येते फक्त चित्रावर चौकट आखून. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून ही सोय आली आणि इंग्रजी वाचणाऱ्यांचं टिपण काढणं जवळजवळ संपलं. मराठी वाचणाऱ्याला अजून हातानं उतरवावं लागतं. यात फायदाही आहे असं मला वाटतं. हातानं उतरवताना माणूस निवडतो. पिवळ्या खुणांचा ढीग म्हणजे वाचन नव्हे, हे इंग्रजीवाल्यांना उशिरा कळतं.

टिपण कसं असावं यासाठी लोक जर्मन समाजशास्त्रज्ञ लुमान आणि त्याच्या नव्वद हजार चिठ्ठ्यांचं नाव घेतात, ऑब्सिडियनमध्ये ठिपक्या-रेघांचं जाळं काढून त्याचे फोटो टाकतात. जाळं सुंदर दिसतं. त्यातला किती भाग प्रकरणात उतरला, ते कुणी दाखवत नाही. मला त्यापेक्षा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या चिठ्ठ्या जास्त शिकवून गेल्या. संस्कृतच्या ऐतिहासिक कोशासाठी तिथे १९४८ पासून साधारण दीड हजार ग्रंथांतले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. पहिला भाग छापून निघाला १९७६ साली. या पद्धतीत शब्द, तो ज्या वाक्यात आला ते अवतरण आणि ग्रंथातलं स्थळ आधी गोळा होतात. अर्थाचा निर्णय नंतर, संपादकाच्या टेबलावर, सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मांडून होतो. उतरवणाऱ्यानं घाईनं अर्थ ठरवून तेवढाच लिहिला असता तर कोटीच्या कोटी चिठ्ठ्या निरुपयोगी झाल्या असत्या. साक्ष आधी, निकाल नंतर, आणि दोन्हींची जागा वेगळी. संगणक येण्याच्या कितीतरी आधीची ही शिस्त आहे, आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती कुणी बांधून दिलेली नाही. टिपणाच्या खिडकीत उतारा आणि मत एकाच फॉन्टात, एकाच रंगात, एकाखाली एक पडतात.

याचा सगळ्यात महाग परिणाम तुम्हाला प्रबंध जमा करताना भेटतो. दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी लेखातलं एक छान वाक्य तुम्ही टिपणात घेतलेलं असतं, अवतरणचिन्हं न लावता. आज ते वाचताना ते तुमचंच वाटतं, कारण तुमच्या टिपणात आहे. ते प्रबंधात जातं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यावर कारवाई आहे. पण टक्केवारी बाजूला ठेवा. दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं म्हणून बोललात हे तोंडी परीक्षेत परीक्षकानं दाखवलं, तर ‘सॉफ्टवेअरमध्ये तसंच होतं’ हे उत्तर कुणी ऐकणार नाही. झोटेरोच्या टिपणात अवतरणासाठी वेगळी शैली आहे, डावीकडे उभी रेघ येते. उतारा असेल तर तीच वापरा, आणि पान क्रमांक त्याच क्षणी लिहा. ‘नंतर लिहू’ म्हटलं की ते पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं.

‘एक्स्ट्रा’ या रकान्याबद्दल सांगायचं राहिलं. झोटेरोत स्वतःचा नवा रकाना बनवता येत नाही. ही त्याची मोठी उणीव, आणि बरीच वर्षं लोक ती मागत आहेत. तोवर ‘एक्स्ट्रा’त ठराविक इंग्रजी शब्द आणि विसर्ग देऊन ओळ लिहिली, जसं मूळ प्रकाशनाचं साल, तर ते संदर्भसूचीत उचललं जातं. पुनर्मुद्रणं वापरणाऱ्यांना हे फार कामाचं. गॅझेटिअरची नवी प्रत १९९० च्या दशकातली असली तरी मजकूर १९१० चा आहे हे सूचीत दिसलंच पाहिजे, नाहीतर वाचणारा विचारेल, स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांनी हे कुणी लिहिलं? पण ‘एक्स्ट्रा’ म्हणजे दुसरं टिपण नव्हे. तिथे गप्पा लिहिल्यात तर त्या कधीतरी संदर्भसूचीत छापून येतील.

शेवटी एक सावधगिरी, मुलाखतवाल्यांसाठी. तांड्यातल्या त्या आजीचं नाव, तिचं कर्ज, तिच्या मुलाचं आजारपण, हे सगळं तुम्ही टिपणात लिहिलंत, कारण टिपण ‘आपलं’ वाटतं. मग मैत्रिणीबरोबर ग्रुप लायब्ररी उघडलीत आणि ती नोंद तिकडे ओढलीत. नोंदीला जोडलेलं टिपणही तिच्याबरोबर जातं आणि ग्रुपमधला प्रत्येक सदस्य ते वाचू शकतो. निर्यात करतानाही ‘टिपणांसह’ असा एक चौकोन असतो, तिथे बरोबरची खूण आहे का ते बघा. लोकांची नावं झोटेरोत ठेवूच नका. तिथे फक्त मा-१, मा-२ असे क्रमांक, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी वेगळ्या वहीत. कागदाची वही, कपाटात, कुलूप लावून. ती वही सिंक होत नाही, हाच तिचा उपयोग.